भाटघरच्या मापाने अमेरिका

भोर तालुक्यात दोन मोठी धरणं आहेत. येळवंडीवरचं भाटघर आणि नीरेवरचं नीरा देवघर. भाटघर इंग्रजांच्या काळातलं, देवघर आमच्या डोळ्यांदेखत झालेलं. भाटघरचा उपयुक्त साठा २३.५ टीएमसी, देवघरचा ११.७३. पावसाळ्यात हे आकडे रोज पेपरात येतात आणि आपण ते वाचून पान उलटतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. दोन्ही धरणं काठोकाठ भरली की त्यांत मिळून ९९,७६० कोटी लिटरच्या आसपास पाणी होतं. एक लाख कोटीला जेमतेम अडीचशे कोटी कमी.

एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन. अमेरिकेच्या राजकारणावर बोलायचं तर या ट्रिलियनशिवाय पान हलत नाही, आणि तो उच्चारून डोळ्यांसमोर मात्र काहीच उभं राहत नाही. म्हणून मी एका डॉलरला एक लिटर असं माप धरलं. भोरची दोन धरणं म्हणजे एक ट्रिलियन डॉलर.

हे माप शोधायची वेळ माझ्यावर भाच्यामुळे आली. भाचा वेल्हे तालुक्यातला, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पुढे अमेरिकेत जाऊन एमएस करायचं डोक्यात आहे, त्यामुळे तिथल्या प्रत्येक प्रश्नावर त्याचं मत तयार असतं. ट्रम्प, टॅरिफ, बंदुका, व्हिसा, कर्ज, काहीही विचारा. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला रोज एक मत ऐकवलं. मतं पक्की होती, आकडे मात्र बहुतेक रील्समधून आलेले. माझा स्वभाव असा की कुणी 'प्रचंड' म्हणालं की किती ते विचारतो.

पहिलं मत कर्जाचं. "मामा, अमेरिका बुडाली. दहा वर्षांत दिवाळं निघणार बघा."

अमेरिकी केंद्र सरकारच्या कर्जाने ३७ ट्रिलियन डॉलरचा आकडा ओलांडला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपल्याकडे श्रावण चालू असताना. ३८ चा आकडा ओलांडला तो ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर लगेच, ऐन दिवाळीत. म्हणजे साधारण सत्तर दिवसांत एक ट्रिलियन. आमच्या मापाने बोलायचं तर जूनपासून आभाळ फाटेस्तोवर पडून भाटघर आणि देवघर भरायला जेवढे दिवस लागतात, जवळजवळ तेवढ्याच दिवसांत तिथे तेवढंच कर्ज साचलं. आणि अशा ३७ जोड्या आधीच भरून ठेवलेल्या होत्या. रुपयांत करायचं तर डॉलरला ८८ रुपये धरून हे ३८ ट्रिलियन होतात ३,३४४ लाख कोटी. भारत सरकारचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ५०.६५ लाख कोटींचं होतं. म्हणजे आपल्या केंद्र सरकारने ६६ वर्षं एकही रुपया दुसरीकडे खर्च न करता फक्त अमेरिकेचं कर्ज फेडायचं म्हटलं, तर ते कसंबसं फिटेल. व्याज वेगळं.

व्याजाचं पण बघू. २०२४ या आर्थिक वर्षात अमेरिकेने निव्वळ व्याजापोटी सुमारे ८८ हजार कोटी डॉलर भरले. पूर्ण भाटघर आणि वर दोन-तृतीयांश देवघर. मुद्दल जागच्या जागी. त्याच वर्षाची तूट १.८३ ट्रिलियन. आता भाटघर आणि देवघरात आपल्याच परिसरातली उरलेली तीन मिळवा: वेल्ह्याचं गुंजवणी ३.६९ टीएमसी, पानशेत १०.६५ आणि शेजारचं वरसगाव १२.८२. पाच धरणांचे होतात ६२.३९ टीएमसी, म्हणजे १.७७ ट्रिलियन लिटर. पुण्याची बरीचशी तहान आणि नीरेच्या कालव्यांवरची बरीचशी शेती ज्यावर चालते तेवढं पाणी. एका वर्षाची अमेरिकी तूट त्यात मावत नाही, सांडव्यावरून वाहते.

हे ऐकून भाचा खूश झाला. मामा आपल्या बाजूने बोलताहेत असं त्याला वाटलं. पण आकडा मोठा म्हणून माणूस बुडतो असं नसतं, कर्ज कुणाचं आणि कोणत्या नाण्यात, हेही पाहावं लागतं. अमेरिकेचं कर्ज डॉलरमध्ये आहे आणि डॉलर अमेरिकाच छापते. परदेशी सावकारांचा वाटा सुमारे नऊ ट्रिलियनचा, बाकी बहुतेक कर्ज अमेरिकेतल्याच संस्थांचं, पेन्शन फंडांचं आणि सरकारच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेलं. परदेशी सावकारांत सगळ्यात मोठा जपान. आणि रांगेत भारतही आहे. २०२५ च्या मध्याला आपल्याकडे वीस हजार कोटी डॉलरहून जास्त किमतीचे अमेरिकी रोखे होते, म्हणजे दोन गुंजवणी धरणांएवढे. ज्याच्याकडे आपले पैसे अडकलेत त्याचं दिवाळं निघावं म्हणून कुणी फटाके आणून ठेवत नाही, एवढंच मी भाच्याला म्हटलं.

कर्जाला कायद्याने मर्यादा आहे, ही तिथली आणखी एक गंमत. मर्यादा संपत आली की दोन्ही पक्ष कडकडून भांडतात आणि शेवटी मर्यादाच वाढवतात. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी ज्या 'बिग ब्यूटिफुल' कायद्यावर सही केली, त्यात ही मर्यादा एकदम पाच ट्रिलियनने उचलली. एका सहीने भोरच्या धरणांच्या पाच जोड्या बांधून तयार. इथे एका देवघरच्या कालव्यांसाठी लोकांनी किती वर्षं वाट पाहिली ते नीरेकाठच्या कुणालाही विचारा.

दुसरं मत निवडणुकीतल्या पैशाचं. "तिथे पैसेवालाच निवडून येतो." हे मत मला निम्मं मान्य आहे, आणि मापाला लावलं तर ते फार वेगळ्या जागी जाऊन बसतं. २०२४ ची अमेरिकी निवडणूक, म्हणजे अध्यक्षपद आणि संसदेच्या सगळ्या जागा मिळून, सुमारे १,६०० कोटी डॉलरला पडली असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज. मतं पडली साडेपंधरा कोटी. मतामागे शंभर डॉलरच्या वर, आपले नऊ हजार रुपये. जगात इतकी महाग मतं फारशी कुठे नसतील. पण आमच्या मापाने हे पाणी अर्ध्या टीएमसीहून थोडंच जास्त होतं. गुंजवणी धरणाचा सहावा-सातवा हिस्सा. एवढ्या पाण्यावर कब्जा मिळवला की वर्षाला पाच धरणं सांडवणाऱ्या तिजोरीच्या चाव्या हाती येतात. निवडणुकीत पैसा फार लागतो ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. मला उलट धक्का बसला तो हा की मिळणाऱ्या सत्तेच्या मानाने तो इतका थोडा लागतो.

एकट्या इलॉन मस्क यांनी त्या निवडणुकीत सुमारे २९ कोटी डॉलर घातले. २९ कोटी लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे २९ हजार टँकर. टँकर ही आमच्याकडे कल्पना नाही. एवढी धरणं उशाला असून एप्रिल-मे उजाडला की भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर टँकर सुरू होतात. पाणी खाली साठतं, माणसं वर राहतात. विहिरीत टँकर मोकळा झाला की बाया दोरीला हंडे-कळश्या बांधून भराभर शेंदायला लागतात, कारण थोडं थांबलं तर ते पाणी विहिरीच्या तळातच जिरून जातं. असे २९ हजार टँकर एका माणसाने एका निवडणुकीत ओतले आणि तेही कायद्याला धरून. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात निकाल दिला, तेव्हापासून कंपन्या आणि संस्थांच्या स्वतंत्र प्रचारखर्चाला मर्यादा राहिली नाही आणि अशा गटांना देणग्या देणाऱ्यांनाही नाही.

आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. भोर मतदारसंघात २०२४ ला शंकर मांडेकर सव्वा लाखाहून जास्त मतं घेऊन निवडून आले. भागाकार केला तर मर्यादेत राहून पडलेल्या मताची किंमत बत्तीस रुपयेसुद्धा होत नाही. कागदावर म्हणतोय मी. निवडणुकीच्या दिवसांत ढाब्यांवर किती गर्दी असते याचा हिशेब निवडणूक आयोगाकडेही नसतो.

पैशाच्याच ओघात भाच्याला मी श्री ठाणेदार यांची गोष्ट सांगितली, कारण परदेशी शिकायला जाणाऱ्या मराठी पोराने अमेरिकी राजकारणावर मत असणं आणि त्या राजकारणात मत मागणं, यातलं अंतर त्यांनी एका आयुष्यात कापलंय. जन्म १९५५ चा, वाढले बेळगावात. १९७९ मध्ये शिकायला अमेरिकेला गेले, ॲक्रन विद्यापीठात रसायनशास्त्राची पीएचडी केली, पुढे धंद्यात उतरले, उभारले, बुडाले, पुन्हा उभारले. मराठी वाचकांना ते 'ही श्रीची इच्छा' या आत्मकथनामुळे माहीत होते. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवायला त्यांनी पदरचे एक कोटी डॉलरच्या आसपास घातले आणि तिसरे आले. आपल्या पैशांत सत्तर कोटींच्या आसपास, आणि तीही पक्षांतर्गत फेरी! २०२२ मध्ये मात्र डेट्रॉइटच्या मतदारसंघातून ते अमेरिकी संसदेत गेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा सात कलमी ठराव आणला. आपल्याच पक्षाने साथ दिली नाही तेव्हा मे महिन्यात मतदानाला टाकण्याचा आग्रह मागे घेतला. पैशाने माणूस निवडून येतो या मताला त्यांच्यात पुरावाही सापडतो आणि उलटा पुरावाही.

ठाणेदारांच्या मतदारसंघाची लोकसंख्या पावणेआठ लाख. सगळी धरून, पाळण्यातल्या पोरांसकट. बारामती लोकसभा मतदारसंघात, ज्यात भोर-वेल्हे येतात, नुसते मतदारच २०२४ ला तेवीस लाखांच्या वर होते. अमेरिकी प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य आहेत आणि मधला थोडा काळ सोडला तर हा आकडा १९१३ पासून जागचा हललेला नाही. १९१३ मध्ये देशाची लोकसंख्या साडेनऊ कोटींच्या आसपास होती, आता ३४ कोटींच्या आसपास. राज्यघटना लिहिणाऱ्यांनी तीस हजार माणसांमागे एकाहून जास्त प्रतिनिधी नको असं घातलं होतं. ते प्रमाण आज लावलं तर अमेरिकी संसदेत अकरा हजार खासदार बसतील. आणि २०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याचे १ लाख ८६ हजार आणि वेल्ह्याचे ५४ हजार असे जे २ लाख ४० हजार लोक मोजले गेले, त्यांचे आठ. आजच्या अमेरिकी हिशेबाने त्यांच्या वाट्याला एका खासदाराचा एक-तृतीयांश येतो.

आता भाच्याचं तिसरं मत, ज्यावर आमचं सगळ्यात जास्त वाजलं. "तिथे कमी मतं मिळालेला अध्यक्ष होतो, ही कसली लोकशाही?"

मुद्दा खरा आहे. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाख ६८ हजारांहून जास्त मतं पडली आणि त्या हरल्या. कारण अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी ठरत नाही, ५३८ निर्वाचकांच्या मतांनी ठरतो आणि ते राज्यवार वाटलेले असतात. बहुतेक राज्यांत जो पुढे, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. त्यामुळे कॅलिफोर्नियात चाळीस लाखांनी जिंका नाहीतर चाळीसने, पदरात पडतं तेवढंच. २०१६ चा निकाल फिरवणारी तीन राज्यं पाहा. मिशिगनमध्ये फरक १०,७०४ मतांचा, विस्कॉन्सिनमध्ये २२,७४८, पेनसिल्व्हेनियात ४४,२९२. बेरीज ७७,७४४. एका भोर तालुक्याच्या निम्मीही नाही.

२०२० मध्ये बायडेन जिंकले, देशभरात सत्तर लाखांनी पुढे राहून. पण जॉर्जियातली आघाडी ११,७७९ ची, ॲरिझोनातली १०,४५७ ची आणि विस्कॉन्सिनमधली २०,६८२ ची. बेरीज ४२,९१८. वेल्हे तालुक्याची वस्ती याहून अकरा-बारा हजारांनी जास्त आहे. ही तीन राज्यं फिरली असती तर दोघांना २६९-२६९ मिळाली असती. आणि फिरवायला बेरजेच्या निम्मेच लोक लागतात, कारण इकडचं मत तिकडे गेलं की फरक दोनाने पडतो. म्हणजे साडेएकवीस हजार. भोर गावाची २०११ ची लोकसंख्या साडेअठरा हजारांच्या आसपास होती. भोरची बाजारपेठ, एसटी स्टँड, राजवाड्याच्या आसपासची सगळी घरं आणि वर शेजारची दोन-चार गावं, एवढी माणसं योग्य त्या तीन राज्यांत वाटून ठेवली असती तर जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाचा अध्यक्ष टांगणीला लागला असता. जॉर्जियाच्या निवडणूक अधिकाऱ्याला ट्रम्प यांनी फोन करून मागितली ती ११,७८० मतं, फरकापेक्षा बरोबर एक जास्त. हिशेब त्यांना पाठ होता.

२००० सालचं तर विचारूच नका. फ्लोरिडात साठ लाखांच्या आसपास मतांतून बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि त्यावर अध्यक्ष झाले. पुढच्या आठ वर्षांत अफगाणिस्तान आणि इराक ही दोन युद्धं झाली. ५३७ मतं म्हणजे आमच्याकडे एका मध्यम गावची ग्रामपंचायत, तीही बिनविरोध करायचा प्रयत्न फसल्यावर.

आणि २०२४? या वेळी ट्रम्प यांनी एकूण मतांतही बाजी मारली, सव्वाबावीस लाखांहून जास्त मतांनी. पण विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत प्रतिस्पर्धी हॅरिस पुढे आल्या असत्या तर त्याच अध्यक्ष झाल्या असत्या. तिथला फरक अनुक्रमे २९,३९७, ८०,१०३ आणि १,२०,२६६. बेरीज २,२९,७६६. भोर आणि वेल्हे मिळून होतात २ लाख ४० हजार. मी हे आकडे एकाखाली एक लिहून भाच्यापुढे ठेवले तेव्हा तो जरा गप्प झाला. टॅरिफ ज्याने लावला, ज्याच्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर गेला, नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर ज्याने एक लाख डॉलर म्हणजे ८८ लाख रुपये फी बसवली, त्याला तिथे बसवणारा निर्णायक फरक या दोन तालुक्यांत मावतो.

बरं, राज्याराज्यांतही सगळ्यांचं मत सारख्या वजनाचं नाही. वायोमिंगची वस्ती ५ लाख ७७ हजार, निर्वाचक तीन. कॅलिफोर्नियाची ३ कोटी ९५ लाख, निर्वाचक ५४. भागाकार केला तर वायोमिंगच्या माणसाचं मत कॅलिफोर्नियाच्या जवळजवळ चौपट भरतं. सिनेटमध्ये तर दोघांनाही दोन-दोनच जागा, तिथे हे प्रमाण एकास ६८ होतं. "बघा, आपलं बरं," भाचा म्हणाला. राज्यसभेत महाराष्ट्राला १९, उत्तर प्रदेशाला ३१ आणि सिक्कीमला एक, हे त्याला ठाऊक होतं. त्या बाबतीत आपलं बरं आहे खरंच. पण लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी अजून १९७१ च्या जनगणनेवर चालते, हे मी सांगितल्यावर त्याला विषय बदलावासा वाटला.

अमेरिकी निर्वाचकांच्या या तिरक्या हिशेबाचं एक मूळ गुलामगिरीत आहे, आणि ते पुणेकरांना परकं नाही. १७८७ मध्ये घटना लिहिताना दक्षिणेतल्या राज्यांनी आपले गुलाम लोकसंख्येत धरायला लावले, पण पाचास तीन या हिशेबाने. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. मताचा हक्क शून्य, पण मालकांच्या राज्याला जागा जास्त आणि जागांवरून ठरणारे निर्वाचकही जास्त. १८६० च्या जनगणनेत असे ३९ लाखांहून जास्त गुलाम होते. यादवी युद्ध होऊन, सहा लाखांहून जास्त माणसं मरून, ते सुटले. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण करून. पुण्यात बसून अमेरिकेच्या राजकारणावर दिलेलं याहून नेमकं मत मला तरी माहीत नाही. तिथली गुलाममुक्ती त्यांनी इथल्या शूद्रातिशूद्रांसाठी वाचली.

बंदुकांवर आमचं एकमत होतं, त्यामुळे तिथे वेळ गेला नाही. अमेरिकेत नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका आहेत असा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. माणसांपेक्षा जास्त. २०२३ मध्ये बंदुकीने ४६,७२८ माणसं मेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. आदल्या दोन्ही वर्षी ४८ हजारांवर. दरवर्षी जवळजवळ एक वेल्हे तालुका. आपल्याकडे आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूकसुद्धा अनेकांना पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, हे तिथल्या माणसाला सांगितलं तर त्याला ती हुकूमशाही वाटेल.

नावं बदलण्यावरून मात्र भाच्याची जिरली. मेक्सिकोच्या आखाताला ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये 'अमेरिकेचं आखात' करून टाकलं, यावर तो पोट धरून हसत होता. मी म्हटलं, तुझ्या आधार कार्डावर तालुका वेल्हे आहे, २०२५ मध्येच तो राजगड झाला, तो बदलून घेतलास का? राजगडाचं नाव मिळालं याचा मला आनंदच आहे. पण हसणं जरा बेतानं.

मोजमापाचं दुसरं टोकही त्याला दाखवायचं होतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात डिक्सव्हिल नॉच नावाची वस्ती आहे. तिथे मतदानाच्या दिवशी मध्यरात्री बाराच्या ठोक्याला मतदान होतं आणि काही मिनिटांत निकाल लागतो. २०२४ ला मतदार सहा होते, तीन-तीन अशी बरोबरी झाली. टीव्हीचे कॅमेरे मतदारांपेक्षा जास्त. आणि भोर तालुक्यात बुरुडमाळ आहे. ७ मे २०२४ च्या लोकसभा मतदानाला तिथे मतदार होते ४१. भाटघरच्या पाण्यातून होडीने यंत्रं, कागदपत्रं आणि कर्मचारी न्यायचे, पुढे चढ चढायचा, आणि ४१ जणांसाठी दिवसभर केंद्र उघडं ठेवायचं. मतदाराला दोन किलोमीटरहून जास्त चालावं लागू नये असा आयोगाचा दंडक. त्या निवडणुकीत देशभरात अशी साडेदहा लाख मतदान केंद्रं होती आणि ६४ कोटी लोकांनी मत दिलं, अमेरिकेच्या चौपटीहून जास्त. आणि त्याच भोर विधानसभा मतदारसंघात मुळशी तालुक्यामुळे हिंजवडीचं आयटी पार्कही येतं. बुरुडमाळचा शेतकरी आणि एच-वन-बीची फी ऐकून झोप उडालेला हिंजवडीतला इंजिनिअर एकाच आमदाराचे मतदार आहेत, याचं मला अजून नवल वाटतं.

शेवटचा विषय व्हिसाचा, आणि इथे भाच्याची मस्करी करणं मला जमलं नाही. २०२४-२५ मध्ये अमेरिकेत ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थी होते, दोन्ही तालुक्यांच्या दीडपट. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस नव्या विद्यार्थी व्हिसांच्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबलं. जूनमध्ये पुन्हा सुरू झालं ते एका अटीवर: अर्जदाराने आपली समाजमाध्यमांवरची सगळी खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायची. गेल्या पाच वर्षांत वापरलेली खाती अर्जात लिहून देणं तर २०१९ पासूनच सक्तीचं आहे. म्हणजे वेल्ह्याच्या पोराने रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ट्रम्प यांच्यावर टाकलेला मीम मुंबईच्या वकिलातीतला अधिकारी बघू शकतो. ज्या देशाच्या अध्यक्षाला ५३७ मतं कमी-जास्त पडली की जग हलतं, त्या देशाला या पोराचं मत मोजायची गरज नाही, पण तपासायची आहे.

"मग काय, डिलीट करू?" त्याने विचारलं. मी काय सांगणार? बापाने सोसायटीचं कर्ज काढून फी भरलेल्या पोराला 'बाणेदार रहा' म्हणायला माझं काही जात नाही. त्याने काय केलं ते मी विचारलेलं नाही.

मी त्याला दुसरंच विचारलं. तू अठराचा झाल्यापासून जिल्हा परिषदेला किती वेळा मत दिलंस? एकदाही नाही. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि २०२५ साल संपत आलं तरी कारभार प्रशासकच बघत होता. वाडीवरचा रस्ता, शाळेची गळकी खोली, प्राथमिक आरोग्य केंद्रातलं औषध, हे सगळं ज्या सभागृहात ठरतं ते तोवर साडेतीन वर्षांहून जास्त काळ रिकामं होतं. त्या काळात अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या किती निवडणुका झाल्या? भाच्याने बोटं मोजली. नोव्हेंबर २०२२ आणि नोव्हेंबर २०२४, दोन. त्यांनी १८६४ मध्ये यादवी युद्ध चालू असतानाही निवडणूक पुढे ढकलली नव्हती. पुढची ३ नोव्हेंबर २०२६ ला आहे, मंगळवारी, सगळ्या ४३५ जागांसाठी. तारीख कायद्यानेच ठरलेली, कुणी जाहीर करायची वाट बघावी लागत नाही.